हिरव्या पट्ट्या नसताना

सिमचा स्लॉट रात्री दोनचा होता. दर सहा महिन्यांनी आम्हा पायलट लोकांना सिम्युलेटरमध्ये जावं लागतं, इंजिन बंद पडणं, आग, धूर, हायड्रॉलिक जाणं, सगळं एकामागून एक दोन दिवसांत करून दाखवायचं असतं, आणि त्या दिवशी ते सगळं नीट झालं होतं. शेवटी वीस-बावीस मिनिटं उरली. मागच्या सीटवरून इन्स्ट्रक्टर सर म्हणाले, वेळ आहे तर एक रॉ डेटा आयएलएस कर, सगळं बंद करून. (आयएलएस म्हणजे धावपट्टीजवळून येणाऱ्या रेडिओ सिग्नलवर उतरणं, रॉ डेटा म्हणजे कॉम्प्युटरच्या सल्ल्याशिवाय, नुसते आकडे आणि खुणा वाचून.) मी म्हटलं हो, करू की. मला त्यात काही विशेष वाटलंच नाही, नऊ हजाराच्या वर तास झालेत माझे, त्यातले सात हजार याच एअरबस ए३२० वर, कॅप्टन होऊन सहा वर्षं झाली.

सगळं बंद म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ऑटोपायलट बंद हे तर कळेलच. ऑटोथ्रस्ट बंद, म्हणजे इंजिनची ताकद आपोआप कमीजास्त होणार नाही, लिव्हर आपणच पुढे-मागे करायचे. आणि फ्लाइट डायरेक्टर बंद. हा फ्लाइट डायरेक्टर म्हणजे समोरच्या स्क्रीनवरच्या दोन हिरव्या पट्ट्या, एक आडवी एक उभी. कॉम्प्युटर आतल्या आत सगळा हिशेब करतो आणि या पट्ट्यांनी सांगतो की नाक इतकं वर घे, इतकं डावीकडे वळ, आपण फक्त त्या मधोमध ठेवायच्या. त्या गेल्या की उरतं काय, तर क्षितिज, वेग, उंची, दिशा, आणि दोन छोटे जांभळट चौकोन, एक धावपट्टीच्या मधल्या रेषेपासून किती बाजूला आहात ते सांगतो, दुसरा उतरणीपासून किती वर-खाली आहात ते. सरांनी नकाशापण घालवायला लावला, जुन्या पद्धतीची गोल तबकडी लावली. म्हणजे माझं विमान कुठे आहे याचं चित्र आता स्क्रीनवर नाही, ते डोक्यात काढायचं.

तीन हजार फूट, ढगात, उजवीकडून पंचवीस नॉटचा वारा. रडारवाला (म्हणजे सरच) दिशा देत होता. शेवटचं वळण दिलं तसं मी वळलो, आणि बाजूचा चौकोन हलायला लागला तो वाटला त्यापेक्षा कितीतरी वेगाने. मी त्याच्याकडे बघत बसलो. तेवढ्यात उंची दोनशे फूट वाढली होती, ती खाली आणायला गेलो तर चौकोन मधून पलीकडे गेला, त्याच्या मागे वळलो, परत उंची, परत दिशा, आणि या सगळ्यात वेगाकडे कुणाचं लक्षच नाही. एअरबसमध्ये ऑटोथ्रस्ट चालू असताना लिव्हर एका खाचेत स्थिर असतात, इंजिन आत कितीही वर-खाली झालं तरी हाताखाली काही हलत नाही, आणि माझ्या डाव्या... नाही, मी डाव्या सीटवर असतो म्हणजे उजव्या हाताला वर्षानुवर्षं तीच सवय लागलेली, लिव्हरवर हात ठेवून काहीच न करण्याची. १३६ नॉट हवे होते, १२७ झाले. शेजारचा फर्स्ट ऑफिसर "स्पीड" म्हणाला, मी लिव्हर ढकलले, जास्त ढकलले, नाक वर गेलं. तो परत "स्पीड", मग "लोकलायझर" (बाजूचा चौकोन), मग "ग्लाइड" (उतरणीचा). एक हजार फुटांवर विमान वेगात आणि रेषेत स्थिर झालेलं नसेल तर उतरायचं नाही हा नियम आहे. मी गो-अराउंड म्हटलं, म्हणजे न उतरता परत वर जायचं, आणि लिव्हर पूर्ण पुढे ढकलले.

आणि मग ती गोष्ट झाली. ए३२० मध्ये गो-अराउंडची ताकद लावली की फ्लाइट डायरेक्टर बंद असला तरी आपोआप परत येतो. त्या दोन हिरव्या पट्ट्या समोर उमटल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. शब्दशः. खांदे खाली आले, श्वास सुटला. नाक कुठे ठेवायचं हे आता कुणीतरी सांगत होतं.

पंधरा अंश. नाक पंधरा अंश वर ठेवायचं असतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तरी मी त्या पट्ट्या येईपर्यंत थांबलो होतो. लँड न होऊ शकलेल्या अप्रोचपेक्षा हा एक सेकंद मला जास्त लागला.

डीब्रीफला सरांनी प्लॉट काढून दाखवला, माझी रेघ मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सापासारखी गेलेली. मी म्हटलं, सर हात गेला माझा. ते म्हणाले, हात ठीक आहे तुझा, हे बघ, जिथे तू एकाच गोष्टीकडे बघतोयस तिथे ती गोष्ट व्यवस्थित धरलीयेस. मग त्यांनी प्लॉटवर जिथून वळण सुरू झालं तिथे पेन ठेवलं आणि विचारलं, इथे असताना धावपट्टी कुठे होती? मी प्लॉटकडे बघायला लागलो तर त्यांनी कागद उलटा केला. म्हणाले, प्लॉट बघून नको, तेव्हा तुला वाटत होतं तशी सांग. डावीकडे की उजवीकडे, किती मैल, तुझ्या तोंडासमोर की खांद्यामागे.

मला सांगता आलं नाही. कारण तेव्हा मला काही वाटतच नव्हतं, मी चौकोनाच्या मागे पळत होतो.

हे काही परीक्षेत धरलेलं नव्हतं, ठरलेल्या चेकमध्ये मी पास होतो, लायसन्सवर सही झाली, पहाटे सहाला बाहेर पडलो. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. पण झोप लागली नाही. मागे दीडशे-पावणेदोनशे माणसं बसवून मी रोज जातो-येतो, आणि ती सगळी असं धरून चालतात की मशिन गेलं तर पुढे बसलेला माणूस आहे.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे मोजायला लागलो. एक वही केली. विमान जमिनीवरून सुटल्यापासून ऑटोपायलट लावेपर्यंत किती आणि उतरताना काढल्यापासून चाकं टेकेपर्यंत किती, एवढंच. दोन महिन्यांत मी स्वतः उडवलेली ३० फ्लाइट्स झाली, त्यांचे मिळून पन्नासच्या वर तास हवेत, आणि माझ्या हातात विमान होतं ते सगळं मिळून १ तास ५२ मिनिटं. म्हणजे फ्लाइटमागे चार मिनिटंही नाहीत, आणि त्यातही एक-दोन सोडली तर सगळीकडे हिरव्या पट्ट्या चालू. पट्ट्यांशिवायची मिनिटं मी वेगळी मोजली होती. सहा.

इथे एक स्पष्ट करतो, ऑटोपायलट वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. दाट धुक्यात धावपट्टी जवळजवळ दिसत नसताना विमान स्वतः उतरतं ते माझ्या हातापेक्षा शंभर पट चांगलं. २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात विमानं एकमेकांच्या वर-खाली फक्त एक हजार फुटांवर उडतात, पूर्वी हे अंतर दोन हजार होतं, आणि तिथे उंची आपोआप धरून ठेवणारी सिस्टिम लागतेच, त्यामुळे क्रूझमध्ये हाताने उडवण्याचा विषयच नाही. लांबच्या रात्रीच्या फ्लाइटला थकलेल्या माणसाने तासन्तास स्टिक धरून बसावं असं कुणीच म्हणणार नाही. प्रश्न फक्त एवढाच की ज्या दिवशी ते सगळं एकदम हात वर करतं त्या दिवशी आपल्याकडे काय असतं.

एअर फ्रान्स ४४७ चा रिपोर्ट मी पूर्वी वाचला होता, आमच्यात सगळ्यांनीच वाचलेला असतो. १ जून २००९, रिओहून पॅरिसला जाणारं ए३३०, ३५ हजार फुटांवर बर्फाच्या कणांनी वेग मोजणाऱ्या नळ्या तुंबल्या, वेगाचे आकडे चुकीचे यायला लागले तसा ऑटोपायलट आणि ऑटोथ्रस्ट दोन्ही सुटले. आकडे एका मिनिटाच्या आत परत ठीक झाले होते. पण तोवर स्टिक मागे ओढली गेली होती, विमान ३८ हजारांपर्यंत चढलं, स्टॉल झालं (म्हणजे पंखांना विमान उचलून धरता येईना) आणि समुद्रात पडलं, ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत, २२८ माणसं. पूर्वी वाचताना मनात कुठेतरी असायचं की आपण असं केलं नसतं. त्या रात्रीनंतर परत वाचला तेव्हा ते वाटलं नाही. अचानक, रात्री, ढगात, मशिनने हातात टाकलेलं विमान, आणि त्या उंचीवर हाताने उडवण्याची सवय कुणालाच नसते. मला सिममध्ये तीन हजार फुटांवर सांगून-सवरून दिलं होतं तरी घाम फुटला होता.

दुसरा मी परत काढून वाचला तो १९९० चा बंगळूरचा अपघात, १४ फेब्रुवारी, ए३२० तेव्हा अगदी नवीन होतं, १४६ पैकी ९२ माणसं गेली. हवा स्वच्छ, धावपट्टी समोर. विमान अशा मोडमध्ये होतं की इंजिन आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी ताकदीवर राहणार आणि वेग नाकाने सांभाळायचा, आणि दोन फ्लाइट डायरेक्टरपैकी एकच बंद झाला. दोन्ही बंद झाले असते तर ऑटोथ्रस्टने वेग धरायला घेतला असता. २०१३ च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला बोइंग ७७७ या वेगळ्या विमानात जवळपास हेच झालं, आयएलएसचा उतरण दाखवणारा भाग त्या दिवशी बंद होता, ऑटोथ्रॉटल वेग सांभाळतोय असं वाटत राहिलं आणि तो सांभाळत नव्हता, १३७ हवे तिथे वेग १०३ पर्यंत पडला. या दोन्ही ठिकाणी कुणाच्या हाताला विमान उडवता येत नव्हतं असं नाही हो. वेग कोण सांभाळतंय, मी की मशिन, हे माहीत नव्हतं. आणि वेगाकडे बघायची नजर कमी झाली होती, कारण वर्षानुवर्षं तो बघावा लागला नव्हता.

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या एफएएने (तिथली विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) विमान कंपन्यांना लेखी सांगितलं होतं की हाताने उडवण्यातल्या चुका वाढताना दिसतायत, योग्य वेळी पायलटना हाताने उडवू द्या. युरोपच्या तशाच संस्थेने, ईएएसएनेही त्याच वर्षी असंच पत्रक काढलं. मला सगळ्यात उपयोगी पडला तो मात्र २०१४ मध्ये छापून आलेला एक अभ्यास, सोळा एअरलाइन पायलटना ७४७ च्या सिममध्ये बसवून एकेक सोय काढून घेतली होती. निष्कर्ष असा की हात आणि डायल वाचण्याची सवय थोडी गंजलेली असली तरी बऱ्यापैकी टिकून असते, खरी गळती होते ती डोक्यातल्या कामाची, म्हणजे नकाशाशिवाय आपण कुठे आहोत हे धरून ठेवणं, पुढचं पाऊल कुठलं ते ठरवणं, एखादं यंत्र बिघडलंय हे ओळखणं. सर कागद उलटा करून हेच सांगत होते. तेव्हा मी ठरवलं की नुसता ऑटोपायलट काढून मिनिटं वाढवण्यात अर्थ नाही, आधी डोकं परत कामाला लावायचं.

सुरुवात घरी खुर्चीत बसून केली. कॉकपिटचं मोठं पोस्टर भिंतीला, आणि आकडे पाठ. प्रत्येक स्थितीत नाक किती अंश आणि इंजिन किती टक्के ठेवलं की विमान काय करतं, हे एकदा पक्कं असलं की वेग दाखवणारा काटा नसला तरी विमान उडवता येतं. फुल फ्लॅप, चाकं खाली, तीन अंशाची उतरण, तर नाक अडीच-तीन अंश वर आणि इंजिन पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास, वजनाप्रमाणे बदलतं. वेगाचे आकडेच खोटे आले तर टेकऑफनंतर लगेच पंधरा अंश आणि पूर्ण ताकद, त्यावर दहा हजार फुटांपर्यंत दहा अंश, त्याच्यावर पाच. हे शेवटचं आम्हाला पाठच असतं पण बाकीचे मधले आकडे मी टाइप रेटिंगनंतर (म्हणजे या विमानाच्या खास ट्रेनिंगनंतर) विसरून गेलो होतो, कारण पट्ट्या असताना ते लागतच नाहीत.

मग लाइनवर, म्हणजे रोजच्या प्रवासी फ्लाइट्सवर. पहिले दोन-तीन आठवडे मी ऑटोपायलट काढलाच नाही जास्त. तो चालू ठेवूनच त्याच्या आधी उत्तर काढायचं, एवढाच नियम केला. उंचीचे हजार गुणिले तीन म्हणजे उतरायला किती मैल लागतील, दहा हजारावर आहे तर तीस मैल, वर वेग कमी करायला थोडे आणखी. जमिनीच्या मानाने विमानाचा वेग (नॉटमध्ये) गुणिले पाच म्हणजे मिनिटाला किती फूट उतरायचं, १४० तर ७००. वारा बाजूने पंचवीस नॉट आणि वेग १८० तर नाक साधारण आठ अंश वाऱ्याकडे. हे सगळं ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात, नंतर कॉम्प्युटर इतकं सुंदर करतो की आपण विचारणं सोडून देतो. मी नकाशावर हात ठेवून (खरंच, तळहात स्क्रीनवर) स्वतःला विचारायचो धावपट्टी कुठे आहे, आणि मग हात काढून बघायचो. पहिल्या आठवड्यात दिशा तीस-चाळीस अंश चुकायची, महिन्याभरात दहावर आली. हे कुठल्याही फ्लाइटला करता येतं, कितीही गर्दी असो, परवानगी लागत नाही, आणि यानेच माझा सगळ्यात जास्त फायदा झाला असं मला आजही वाटतं.

हाताने उडवायचा भाग त्या मानाने अवघड निघाला, विमानामुळे नाही, माणसांमुळे. प्रत्येक फ्लाइटचा डेटा रेकॉर्ड होऊन तपासला जातो, वेग इतका जास्त झाला, वळण इतकं तिरपं झालं की त्याची नोंद होते आणि फोन येऊ शकतो. या डेटामुळे विमान प्रवास सुरक्षित झालाय, त्याबद्दल शंकाच नाही. पण पायलटच्या मनात काय होतं, की ऑटोपायलट लावून ठेवला तर फोन येणार नाही. मग तो लावूनच ठेवतो. मी लावून ठेवायचो, वर्षानुवर्षं, आणि आम्हाला तसं बोलूनही दाखवलं जायचं की जास्तीत जास्त ऑटोमेशन वापरा. मी सरळ आमच्या फ्लीट बघणाऱ्या कॅप्टनकडे गेलो, सिममधला सगळा प्रकार जसाच्या तसा सांगितला, वही दाखवली. मला वाटलं होतं ऐकून घेतील आणि सोडून देतील. ते पाच मिनिटं वही चाळत बसले आणि म्हणाले माझी पण अशीच निघेल. अटी घातल्या: हवा चांगली, गर्दीचा एअरपोर्ट नको, दोघंही ताजेतवाने, आधी ब्रीफ करायचं की कधी काढणार आणि काय झालं तर परत लावणार, आणि शेजारच्याने नको म्हटलं तर नको. या अटी मला अजूनही बरोबर वाटतात, एकही काढावी असं वाटत नाही.

पहिल्यांदा पट्ट्या चालू ठेवून दहा हजार फुटांपासून हाताने उतरवलं. छान झालं, आणि काहीच शिकलो नाही. हे ज्यांना सराव करायचाय त्यांना मुद्दाम सांगतो. पट्ट्या चालू असल्या की नजर त्या एका जागी चिकटते, हात हलतो पण विचार कॉम्प्युटरच करतो. त्या मिनिटांना मी वहीत वेगळ्या रकान्यात टाकलं.

मग दोन्हीकडच्या पट्ट्या बंद (दोन्हीकडच्या, हे बंगळूरमुळे मी आणि शेजारचा मोठ्याने बोलूनच करतो), ऑटोथ्रस्ट चालू. पहिल्या वेळी नजर आपोआप मध्ये जायची, जिथे पट्ट्या असायच्या तिथे, आणि रिकाम्या जागेकडे बघत राहायची. ती तिथून उचलून वेग, परत मध्ये, उंची, परत मध्ये, दिशा, अशी फिरवायला चार-पाच फ्लाइट्स गेली. एकदा फिरायला लागली की मग चौकोन पळत नाही, कारण तो हलायला लागतानाच दिसतो, आणि एक-दोन अंशाची दुरुस्ती पुरते. सिममध्ये मी वीस वीस अंश वळत होतो.

ऑटोथ्रस्ट बंद करणं शेवटी. यात एक मेख आहे, लिव्हर चढाईच्या खाचेत असतात, तसंच बटण दाबलं तर इंजिन एकदम चढाईच्या ताकदीला जातं. आधी लिव्हर मागे आणून इंजिनच्या डायलवरचं छोटं वर्तुळ सध्याच्या ताकदीशी जुळवायचं, मग बटण. पहिल्यांदा बटण दाबलं आणि लिव्हरवरचा हात खरंच जिवंत झाल्यासारखा वाटला, दोन टक्के पुढे, थांब, बघ, एक टक्का मागे. अकरा वर्षांपूर्वी छोट्या विमानात हे करताना मी गाणी गुणगुणायचो, आता तोंड कोरडं पडलं होतं.

एकदा चुकलं. हवा चांगली होती, अटी सगळ्या पूर्ण, पण उतरताना कंट्रोलरने धावपट्टी बदलली, वर वेगाच्या सूचना, उंचीच्या सूचना. मी हाताने उडवतोय म्हणजे दिशा सेट करणं, उंची सेट करणं, रेडिओ, चेकलिस्ट, नवीन धावपट्टी कॉम्प्युटरमध्ये भरणं, सगळं शेजारच्याच्या अंगावर. माझं विमान छान चाललं होतं आणि मला कळलंच नाही की तो बुडालाय. एक उंची त्याने परत बोलून दाखवली ती मला बरोबर ऐकू आली नाही, त्यालाही खात्री नव्हती, कंट्रोलरला परत विचारावं लागलं. तिथेच ऑटोपायलट लावला, पट्ट्या लावल्या, शांतपणे उतरलो. खाली आल्यावर मी त्याची माफी मागितली. माझा सराव त्याच्या डोक्यावर ओझं टाकून चालला होता, आणि तो ज्युनियर, तो कशाला म्हणेल की सर आता लावा. तेव्हापासून मी ब्रीफमध्ये उलटं सांगतो, की तू "लावा" म्हटलंस की मी कारण न विचारता लावणार. आत्तापर्यंत तीन जणांनी म्हटलंय. लावला.

त्यानंतर कधीतरी एका नवीन फर्स्ट ऑफिसर मुलीबरोबर सलग चार दिवस होतो. हुशार, कॉम्प्युटरवर तिचा हात माझ्यापेक्षा जलद चालतो, प्रत्येक मोड तोंडपाठ. माझी वही बघून तिने विचारलं हे काय, मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, सर, टाइप रेटिंगच्या सिमनंतर मी पट्ट्या बंद करून एकदाही उडवलेलं नाहीये, कुणी करूच देत नाही, आणि मागायची भीती वाटते. मला याचा खूप त्रास झाला. माझ्याकडे निदान गंजायला काहीतरी होतं, छोट्या विमानांचे तास होते, जुन्या कॅप्टन लोकांनी शेजारी बसवून करून घेतलेलं होतं. या मुलांना आपण सरळ दोनशे-अडीचशे तासांवर या सीटवर आणतो, आणि मग म्हणतो ऑटोपायलट लाव, रिस्क नको. त्यांनी हे शिकायचं कधी?

तिसऱ्या दिवशी सकाळी हवा स्वच्छ होती, वारा नाही, आमच्या पुढे-मागे ट्रॅफिक नाही. मी म्हटलं तू उडवतेयस ना, हवं असेल तर बंद कर. तिने दोनदा विचारलं, नक्की ना सर. पाच हजार फुटांवर बंद केलं. साइडस्टिक तिने मुठीत आवळून धरली होती, नखं पांढरी झालेली, विमान बारीक बारीक डुलत होतं. मी म्हटलं, दोन बोटांत धर, आणि सोडून बघ काय होतं. सोडली. विमान आहे तसंच सरळ जात राहिलं. ए३२० तसंच आहे, स्टिक सोडली की जिथे ठेवलंय तिथे राहतं, त्याला सतत ढवळायची गरज नसते, पण हे वाचून कळत नाही. त्यानंतर डुलणं थांबलं. अर्ध्या वाटेत मी विचारलं धावपट्टी कुठे आहे, तिने नकाशाकडे न बघता सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. टेकल्यावर, पार्किंगला येऊन चेकलिस्ट संपल्यावर ती म्हणाली सर, उद्या परत?

मधे एक दिवस असाही आला की विमानच ऑटोथ्रस्टशिवाय मिळालं. ठरलेल्या नियमांत बसतं ते, काही दिवस बंद असलं तरी उडवता येतं. टेक्निकल लॉगमध्ये ती नोंद वाचली आणि माझ्या लक्षात आलं की आठ महिन्यांपूर्वी ही नोंद बघून माझ्या पोटात गोळा आला असता, मी बदली विमान आहे का असं नक्की विचारलं असतं. त्या दिवशी चार फ्लाइट्स केली, दोन मी, दोन फर्स्ट ऑफिसरने. संध्याकाळी दमलो होतो हे खरं, दिवसभर वेगाकडे बघत राहणं हे खरंच काम आहे.

मग परत सिम. मधलं एक होऊन गेलं होतं, पण त्यात वेळच उरला नव्हता. या वेळी इन्स्ट्रक्टर तेच सर, मी आधीच विचारून ठेवलं होतं की शेवटची वीस मिनिटं मला तेच द्या, तसंच, तोच वारा. सगळं बंद, गोल तबकडी, ढग. वळण दिलं तेव्हा मी नाक आधीच आठ अंश उजवीकडे धरून ठेवलं होतं. चौकोन हलला, मी एकदा बघितलं, वेग, परत बघितलं. अगदी सरळ रेघ नव्हती, एकदा चौकोन मधून अर्ध्या ठिपक्यापर्यंत सरकला (चौकोनाच्या पट्टीवर मापाचे ठिपके असतात), वेग एकदा पाचने वाढला. शेजारच्याला एकदाही काही म्हणावं लागलं नाही. आठशे फुटांवर सरांनी धावपट्टीवर दुसरं विमान आणून ठेवलं, गो-अराउंड.

लिव्हर पुढे, नाक वर. हिरव्या पट्ट्या उमटल्या तेव्हा नाक पंधरावर येऊन थांबलेलं होतं, पट्टी वरून खाली येऊन त्याच्यावर बसली.

डीब्रीफला सरांनी प्लॉट दिला, घरी ने म्हणाले. माझं सर्कलिंग अजून बेकार आहे, धावपट्टीच्या बाजूने फिरून येताना मी फार रुंद जातो आणि मग शेवटचं वळण घाईत होतं. पुढच्या वेळी तेच मागणार आहे.